सिगारेट आणि व्हेप, दोन्ही सोडायचंय? आधी मेंदूची तालीम

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका टपरीपुढे मी १६ वर्षं रोज उभा राहिलो. कटिंग चहा, एक सुटी सिगारेट आणि दोरीला बांधलेला लायटर. मग पुण्याहून भाच्यानं व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, आणून दिला. "मामा, यानं सिगारेट सुटेल," म्हणाला. तीन महिन्यांनी हिशोब केला, तर सिगारेटी १० वरून ७ वर आल्या होत्या आणि व्हेप सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत हाताशी होता. एक सोडायला गेलो आणि दोन्ही लागले.

आता दोन्ही सुटून तीन वर्षं होतील. त्याआधी माझे दोन प्रयत्न फसले, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: मी तयारी न करता थेट आखाड्यात उतरलो. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी जत्रेतल्या कुस्तीला उभा करत नाही. आधी जोर-बैठका, मग डाव, मग लढत. सोडण्याची तारीख ही लढत आहे. तिच्या आधीचे दोन-तीन आठवडे मेंदूकडून मेहनत करून घ्यायची, आणि ती तलफ नसताना करायची. तलफ शिगेला पोचल्यावर नवं काही शिकता येत नाही, शिकलेलं असेल तेवढंच कामाला येतं.

तलफ कुठून येते

झुरका घेतला की निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. इतक्या लवकर बक्षीस मिळालं की त्याच्या लगेच आधी काय काय होतं, ते मेंदू पक्कं ध्यानात ठेवतो: चहाचा वास, काडी घासल्याचा आवाज, जेवून उठणं, साहेबांचं बोलणं ऐकून बाहेर पडणं. असं हजारो वेळा झालं की नुसत्या चहाच्या वासानं हात खिशाकडे जातो. ओढायचं की नाही हे ठरवायच्या आत हात गेलेला असतो. म्हणून "माझ्यात निग्रहच नाही" असं स्वतःला बोलत बसू नका. हातानं एक धडा गिरवलेला आहे, आणि त्यावर दुसरा धडा गिरवता येतो.

शरीराची निकोटिनची मागणी ही वेगळी गोष्ट. चिडचिड, झोपमोड, डोकं जड होणं, लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत ओसरतं. त्यासाठी निकोटिनचं च्युइंगम आणि औषधं आहेत. पण टपरीचा, चहाचा, मित्रांच्या घोळक्याचा धडा चार आठवड्यांनंतरही टिकून असतो. महिनाभर ओढली नाही आणि एखाद्या लग्नात पुन्हा सुरू झाली, असं म्हणणारे लोक तुम्हाला भेटले असतील. त्यांचं शरीर मोकळं झालेलं होतं, धडा तसाच राहिला होता.

व्हेपचं दुखणं आणखी वेगळं आहे. सिगारेट संपते. ती पेटवावी लागते, बाहेर जावं लागतं, बोटांना वास येतो. व्हेपला शेवट नाही. अंथरुणात, न्हाणीघरात, सिग्नलला गाडी थांबली तरी ओढता येतो. त्यामुळे सिगारेटचा धडा आठ-दहा ठिकाणांशी बांधलेला असतो, तर व्हेपचा धडा घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिकलेला असतो. दोन्ही सोडणाऱ्यानं हा फरक ओळखला नाही, तर सिगारेट सुटते आणि व्हेप दुप्पट होतो.

"हळूहळू कमी निकोटिनचा व्हेप घेत सोडतो" असं मलाही वाटलं होतं. आपल्याकडे तो मार्ग भरवशाचा नाही. २०१९ च्या कायद्यानं देशात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं आणि साठवणं बंद केलं आहे. म्हणजे हातात येणारा प्रत्येक व्हेप चोरवाटेनं आलेला असतो, आणि त्यावर छापलेल्या निकोटिनच्या आकड्याची हमी कुणीच देत नाही.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त मोजा

या आठवड्यात काहीही कमी करायचं नाही. एक छोटी वही घ्या. प्रत्येक सिगारेटीला एक ओळ: वेळ, जागा, सोबत कोण, मनात काय चाललं होतं, आणि तलफ शून्य ते दहामध्ये किती. ओढून झाल्यावर लिहू नका, पेटवायच्या आधी लिहा. तेवढ्या अर्ध्या मिनिटात हात आणि काडी यांच्यामध्ये पहिल्यांदाच काहीतरी येतं.

व्हेपसाठी वही पुरत नाही. मी पँटच्या डाव्या खिशात ३० हरभरे ठेवायचो. व्हेप तोंडाला लावला की एक हरभरा उजव्या खिशात. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच डावा खिसा रिकामा झाला. मी रोज दहा-बारा वेळा घेतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

आठवड्यानंतर वही चाळा. तुमच्याही वहीत चार-पाच प्रसंगच पुन्हा पुन्हा दिसतील. माझ्या सातपैकी चार सिगारेटी चहाबरोबर होत्या, एक शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर. उरलेल्या दोन मला नकोच होत्या, कुणीतरी पाकीट पुढे केलं म्हणून घेतलेल्या. हे प्रसंग वेगळ्या पानावर लिहून काढा. पुढचं सगळं काम या पानावर आहे.

दुसरी पायरी: व्हेपला एकच जागा द्या

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला व्हेप एका पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि डबा घराबाहेर, जिन्याखाली किंवा गाडीच्या डिकीत. ओढायचाच असेल तर तिथं जायचं, उभ्यानं ओढायचं, मोजून दहा झुरके, आणि परत डब्यात. अंथरुणात नाही, टीव्हीसमोर नाही, फोनवर बोलताना नाही. थोडक्यात, व्हेपला सिगारेटीसारखा शेवट द्यायचा. पाच-सहा दिवसांत घरातली खुर्ची ही फक्त खुर्ची होऊ लागते आणि अंथरूण फक्त अंथरूण.

सिगारेटींचा आकडा मात्र या काळात वाढू देऊ नका. वही सुरूच ठेवा, म्हणजे लगेच कळेल.

तिसरी पायरी: जर–तर

पेटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मांडलेली गोष्ट अगदी साधी आहे. "मी सिगारेट सोडणार" या संकल्पापेक्षा "जर अमुक झालं, तर मी तमुक करीन" असं बांधलेलं वाक्य जास्त वेळा कृतीत उतरतं, कारण प्रसंग समोर आला की विचार करावा लागत नाही. हाताच्या जुन्या धड्याला हाताचाच नवा धडा मिळतो.

वहीतल्या त्या पानावरच्या प्रत्येक प्रसंगाला एक वाक्य करा. माझी अशी होती:

जर शिफ्ट सुटल्यावर सगळे टपरीकडे वळले, तर मी गाडीची किल्ली हातात घेईन आणि थेट पार्किंगकडे चालू लागेन.

जर कुणी "घे की राव एक" म्हणून पाकीट पुढे केलं, तर मी "सोडली, चहा सांग" म्हणेन.

जर रात्री हात उशीखाली गेला, तर मी उठून तांब्यातलं पाणी पिईन.

"तर" नंतर करायची कृती हवी. "तर मी ओढणार नाही" हे वाक्य निकामी आहे, त्यात सिगारेटचंच चित्र पुन्हा उभं राहतं. आणि कृती तिथल्या तिथे जमणारी हवी. "तर मी अजिंक्यतारा चढून येईन" हे ऐकायला छान, पण दुपारी तीन वाजता कामावरून कोण सोडणार? रोज सकाळी प्रत्येक वाक्य मोठ्यानं तीनदा म्हणा आणि डोळे मिटून तो प्रसंग पाहा: गेट, माणसं, किल्लीचा थंड स्पर्श. तोंडपाठ झालेलं वाक्यच ऐनवेळी आठवतं.

चौथी पायरी: पत्ते

ही खरी जोर-बैठकांची पायरी, म्हणून इथं थोडं थांबतो.

व्यसनाच्या वस्तूकडे हात आपोआप ओढला जातो, ही ओढ मोजता येते आणि सरावानं कमी करता येते, हे प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. माणसाला पडद्यावर चित्रं दाखवतात. व्यसनाचं चित्र आलं की हातातली दांडी दूर ढकलायची, दुसरं आलं की जवळ ओढायची. ढकललं की चित्र लहान होत जातं, ओढलं की मोठं. २०११ मध्ये जर्मनीतल्या एका रुग्णालयात दारूच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांआधी असे फक्त चार सराव दिले, आणि वर्षभरानं पुन्हा दारूकडे वळलेल्यांचं प्रमाण सराव न केलेल्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी निघालं. सिगारेटीच्या बाबतीत निकाल संमिश्र आहेत, काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. म्हणून पत्त्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. बाकीच्या पायऱ्यांबरोबर करा.

घरगुती रूप असं. जुन्या पत्त्यांच्या कॅटमधली २० पानं घ्या. दहांवर सिगारेट, लायटर, व्हेप, पाकीट, टपरी यांची चित्रं चिकटवा. चित्रं तुमच्याच ब्रँडची, तुमच्याच रंगाच्या व्हेपची हवीत. उरलेल्या दहांवर तुम्हाला प्रिय असलेलं काहीही: पोरांचा फोटो, धावायचे बूट, पेरू, पाण्याचा तांब्या. पानं पिसा, टेबलावर गठ्ठा ठेवा. तंबाखूचं पान आलं की तळहातानं हात पूर्ण लांब होईपर्यंत ढकला. दुसरं आलं की छातीपाशी ओढा. भरभर करा. दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस.

दुसरा डाव थांबण्याचा. घरातल्या कुणीतरी सेकंदाला एक याप्रमाणे पान उलटायचं. प्रत्येक पानाला तुम्ही टेबलावर टिचकी मारायची, फक्त तंबाखूच्या पानाला हात जागच्या जागी रोखायचा. या डावासाठी साधी पानं जास्त आणि तंबाखूची चार-पाचच ठेवा, म्हणजे हात सरावाने पुढे जाईल आणि रोखायला खरी मेहनत पडेल. माझ्या घरी बायको पानं उलटायची आणि चुका वहीत मांडायची. पहिल्या दिवशी १०० पानांत १४ चुका, दोन आठवड्यांनी ३. त्या आकड्यांचा मला फार आधार वाटला. सोडण्यात "जमतंय" असं दाखवणारं हातात काहीच नसतं, इथं होतं. आणि तिलाही पहिल्यांदाच माझ्यावर रागावण्याऐवजी माझ्याबरोबर बसता आलं.

तलफ चारच्या वर असेल तेव्हा पत्ते काढू नका. सराव करता करता तलफ वाढली तर पानं खाली ठेवा आणि पुढची पायरी करा.

पाचवी पायरी: वळवाची सर

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट तलफेला समुद्राची लाट म्हणत: ती उठते, टोकाला जाते, फुटते, तुम्ही तिच्यावर स्वार राहायचं. आपल्याला समुद्र लांब, वळीव जवळचा. गडगडाट होतो, आभाळ फाटेल असं वाटतं, माणूस कुठल्यातरी वळचणीला उभा राहतो, आणि थोड्या वेळात ऊन पडतं. पाऊस थांबवायला कुणी जात नाही. बहुतेक तलफा पाच-दहा मिनिटांत ओसरतात. ओढली म्हणून तलफ गेली असं आपल्याला वाटत राहतं, कारण ती आपोआप जाताना आपण कधी पाहिलेलीच नसते.

बसा किंवा उभे राहा. तलफ शरीरात नेमकी कुठं आहे ते शोधा. घशात? छातीत? बोटांत? मनात तिचं नाव घ्या: "घसा ओढतोय, तोंडाला पाणी सुटलंय." दर मिनिटाला शून्य ते दहामधला आकडा सांगा. श्वास मुद्दाम बदलू नका, फक्त सोडलेल्या श्वासाकडे लक्ष द्या. आकडा आधी वर जाईल, तेव्हा घाबरू नका. येल विद्यापीठात २०११ मध्ये ८८ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत अशा सजगतेचं चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी ३१ टक्के १७ आठवड्यांनीही सिगारेटपासून दूर होते. नेहमीच्या पद्धतीच्या गटात हेच प्रमाण ६ टक्के होतं.

सराव सोडायच्या तारखेआधीच करायचा. रोजची एखादी सिगारेट निवडा आणि ती फक्त दहा मिनिटं पुढे ढकला. ती दहा मिनिटं म्हणजे तुमची वळचण.

सहावी पायरी: डोळ्यांपुढचं चित्र

तलफ आली की मनात चित्र उभं राहतं: टोकाचा लाल निखारा, पहिला धूर, त्याची चव. हे चित्रच तलफ फुगवतं. मनाच्या पडद्यावर एका वेळी दोन ठसठशीत चित्रं मावत नाहीत, म्हणून तिथं दुसरं लावायचं. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ तीन मिनिटं खेळायला देऊन पाहिला, तेव्हा लोकांची तलफ कमी झाली. फोनवर तो खेळ असेल तर वापरा.

मला फोन नको वाटतो. मी मनातल्या मनात राजवाड्यापासून मोती चौकाकडे चालतो. डाव्या हाताला पहिलं दुकान कोणतं, पाटीचा रंग काय, पायरी किती उंच, कंदी पेढ्यांच्या दुकानापुढे भाजलेल्या खव्याचा वास. वास आठवणं महत्त्वाचं, धुराच्या वासाची जागा तो घेतो. सांगलीकरांनी आयर्विन पुलावरून चालावं, खाली कृष्णेचं पाणी कुठवर आलंय ते बघत. दोन-तीन मिनिटांचा रस्ता ठरवून ठेवा आणि रोज तोच चाला.

याच जातीचा आणखी एक सराव झोपताना करा: पुढच्या काही महिन्यांतला एक ठरावीक प्रसंग, तुम्ही न ओढणारे असताना, बारकाईनं पाहायचा. "तब्येत सुधारेल" हे चित्र नाही. दिवाळीत मुलाबरोबर किल्ला करताना तो अंगाला चिकटून बसलाय आणि वास येतो म्हणून सरकत नाही, हे चित्र आहे.

सोडायचा दिवस

तालमीला तीन आठवडे झाले की तारीख ठरवा. माझ्या मते दोन्ही एकाच दिवशी सोडावेत. मी एकदा सिगारेट आधी आणि व्हेप नंतर असं करून पाहिलं होतं, पण मेंदूला निकोटिनचा तोच धडा दुसऱ्या हातानं मिळत राहिला. आदल्या रात्री व्हेप, चार्जर, लायटर, ॲशट्रे, कपाटामागचं पाकीट, सगळं घराबाहेर काढा. "पाहुण्यांसाठी" म्हणून एकही ठेवू नका.

निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर तुम्हाला ४ मिलिग्रॅम लागण्याची शक्यता आहे, त्यासाठी डॉक्टरांना विचारा. ते साध्या च्युइंगमसारखं चघळू नका. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा. चहा-कॉफीनंतर किमान १५ मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयाचा आजार, गरोदरपण किंवा वय १८ च्या आत असेल, तर आधी डॉक्टर.

चहाबद्दल फार कमी लोक सांगतात. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन लवकर निकालात काढत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहात शरीरात कॅफिन जास्त वेळ राहतं. मग धडधड होते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्यानं त्रास होतोय. पहिले दोन आठवडे चहा निम्म्यावर आणा. हेच काही औषधांनाही लागू आहे: दम्याचं थिओफिलिन किंवा मानसिक आजाराची ओलांझापिन, क्लोझापिन ही औषधं सुरू असतील तर सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रारही खरी आहे. कोमट पाणी, पेरू-पपई आणि चालणं यांनी ती काही आठवड्यांत सुटते.

एका गोष्टीपासून स्वतःला जपा. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे तुमच्याभोवती ओढणाऱ्यांपेक्षा मळणारे कितीतरी जास्त. सिगारेट सोडली म्हणून कुणीतरी प्रेमानं चिमूट किंवा मावा पुढे करेल. त्यासाठीही एक जर–तर वाक्य आधीच लिहून ठेवा.

घसरलात तर

एक ओढली गेली, तर पाकीट विकत घेऊ नका. त्याच दिवशी वहीत ओळ लिहा: वेळ, जागा, सोबत, तलफ. मग त्या प्रसंगाचं नवं वाक्य बांधा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्ते काढा. मी ३४ व्या दिवशी एका मित्राच्या वडिलांच्या अंत्यविधीहून परतताना संगम माहुलीला नदीकाठी दोन ओढल्या. माझ्या वहीत लग्न होतं, शिफ्ट होती, टपरी होती. दुःखाच्या प्रसंगाचं वाक्यच नव्हतं. त्या रात्री ते लिहिलं. पत्त्यांचा सराव म्हणूनच तारखेनंतरही दोन-तीन महिने, आठवड्यातून दोनदा तरी चालू ठेवा.

कुणाची मदत घ्यायची

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. मन फारच खचलं, झोप-जेवण बिघडलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. जिल्हा रुग्णालयातही तंबाखू सोडण्याबद्दल विचारा.

फोन करताना वही जवळ ठेवा. रोज किती, आणि उठल्यावर पहिली किती मिनिटांत, हे दोन प्रश्न ते सुरुवातीलाच विचारतील. व्हेपचा आकडाही सांगा, त्यांनी विचारला नाही तरी. हरभरे मोजले असतील तर तो तुमच्याकडे असेल.